बिनभिंतीचं घर

लग्नानंतर भाड्याच्या खोल्या बदलून बदलून कंटाळलो आणि शेवटी आम्ही नागभीडला एक जुनं मातीचं घर विकत घेतलं. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, बायको बालवाडीत शिकवायची. घराचं जोतं उंच, भिंती रुंद, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. फक्त आत अंधार फार. मधल्या खोलीत भर दुपारी कंदील लावावा लागे. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंती लिंपायच्या आणि त्या खोलीला एक खिडकी काढायची, असं ठरलं.

पण दिवस मे महिन्याचे. कामाचे सगळे हात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेले. मजूर म्हणून कोणी मिळेना.

"मंग आपनच करू," बायको म्हणाली.

कवेलू आम्ही खरंच चांगले फेरले. मी शिडीवर, ती खालून एकेक झेलून देणारी. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे, कौतुक करायचे. त्या कौतुकानं मी जरा फुगलोच होतो.

खिडकी काढायची ती बाजूची भिंत. पलीकडे शेजाऱ्यांचं अंगण. ते नवराबायको पावसाळाभर तलावावर मासे धरायचे आणि उन्हाळ्यात पत्ता तोडायचे. पहाटे जंगलात जायचं, दुपारी अंगणात बसून पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते फळीवर, ठेकेदार पुडे मोजून घेतो तिथे, नेऊन द्यायचे. त्यांना विचारून, एका रविवारी दुपारी मी सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतली.

वाळलेली माती माझ्या अंदाजापेक्षा जास्त सुटत होती. भोक सरळ करायला जावं तर ते मोठं व्हायचं. खिडकीच्या वर आधाराला टाकायचं लाकूड कोपऱ्यातच उभं होतं.

"अहो, वरचं सारं लोंबून राह्यलं. आधी लाकूड टाका," बायको म्हणाली.

"थांब, एवढी बाजू सारखी करू दे."

पुढचा घाव पडला आणि भिंतीनं हलकासा आवाज केला, कोणी उसासा टाकावा तसा. बायकोनं मागून सदरा धरून मला ओढलं. भिंत बाहेरच्या बाजूला गेली, पार कोपऱ्यापर्यंत.

धूळ बसली तेव्हा समोर शेजाऱ्यांचं अंगण होतं आणि त्यांच्या पानांच्या ढिगावर आमची भिंत. शेजारीण तिथेच पुडे बांधत बसलेली असायची. चुलीवरचा भात उतू गेला म्हणून ती नुकतीच आत उठून गेली होती. ती धावत बाहेर आली, पोरांना हाका मारल्या, ती घरातच आहेत हे पाहिलं आणि मातीचा ढीग ओलांडून सरळ आमच्या खोलीत आली. माझा हात उलटसुलट करून पाहत म्हणाली, "लागलं का जी?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या दुपारी ती मातीतून पानं वेचत बसली आणि माझी बायको मुकाट्यानं तिच्या शेजारी जाऊन बसली. बहुतेक पानं फाटली होती. संध्याकाळी शेजारी फळीवर निघाला तेव्हा त्याच्या कावडीला वजनच नव्हतं.

छप्पर खांबांवर होतं म्हणून राहिलं. पण घर उघडं पडलं. शेजाऱ्यांच्या अंगणापलीकडे गल्ली, आणि गल्लीतून आमचं सगळं दिसायचं. गुंडाळलेली गादी, पत्र्याची पेटी, दोरीवरची बायकोची लुगडी. लोक सायकली हळू करायचे. कचेरीतल्या एकानं तर रस्त्यावरून मला नमस्कार घातला. मी मधल्या खोलीत बनियनवर बसून दाढी करत होतो. बायकोनं पडद्यासारखी लुगडी बांधली, ती वाऱ्यानं उडायची. अंघोळीला ती शेजाऱ्यांकडे जायची. शेवटी शेजारीच म्हणाला, "आमच्या छपरीत राहा ना भाऊ. भिंत होईन तवा होईन."

आम्ही छपरीत राहत असतानाच माझे वडील आले. नवं घर पाहायला, न कळवता. धुतलेलं धोतर, खांद्यावर तांदळाची पिशवी. स्टँडवर त्यांनी माझं नाव सांगून घर विचारलं तर कोणालाच कळेना. मग एक जण म्हणाला, "भिंत पडली ते घर का? चला, दाखवतो." हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांची माती वाहिली, तलावांच्या पाळींवर, सडकांवर. शाळेच्या सुटीत मी त्यांच्या कामावर गेलो की ते मला हाकलून द्यायचे, घमेल्याला हात लावू द्यायचे नाहीत. ते आले तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या छपरीत जेवत होतो. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. माझ्या मातीनं भरलेल्या नखांकडे पाहिलं.

"कशी पडली?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी म्हणाला, "घुशीनं पोखरली होती, बाबाजी. आज ना उद्या पडतच होती."

बायकोनं मान खाली घातली. मी भात कालवत राहिलो.

शेजारणीनं त्यांच्यासाठी ताट मांडलं. वडील माझ्याकडे झुकले. आपण कुजबुजतो आहोत असं त्यांना वाटलं, पण कानानं कमी ऐकू यायला लागल्यापासून त्यांचा आवाज मोठा झाला होता. "यायले माहीत हाय ना, आपन कोन ते?"

सगळ्यांनी ऐकलं. शेजारणीची पळी क्षणभर तशीच राहिली.

"माहीत हाय, बाबाजी," ती म्हणाली. "मासोरी वाढू का?"

वडील मान न उचलता जेवले. विचारलं म्हणून ते शरमले होते, आणि या वयात त्यांना अजून विचारावं लागतं म्हणून मी. आम्ही धम्म घेतला तेव्हा मी आईच्या पोटात होतो. मला वाटायचं, तो प्रश्न आमच्या घरातून कधीच निघून गेला.

सकाळी वडील धोतर खोचून मातीच्या गाऱ्यात उतरले.

"बाबा, तुमी नका."

"घूस सब्बल घेऊन येते का रे?" ते हळूच म्हणाले. रागावले नव्हते. थोडा वेळ तणस मिसळलेली माती तुडवत राहिले. मग म्हणाले, "मले वाटे, तुले हे कराव नाई लागन. आता करूनच राह्यला, त नीट पाय टेकव."

मी गाऱ्यात पाय नीट टेकवला.

भिंत आम्ही थर घालत, वाळवत उभी केली. वडिलांनी माती वाहिली होती, पण भिंत कधी रचली नव्हती, आणि शेजाऱ्याचं सगळं कसब जाळ्यात. त्यामुळे तिला शेजाऱ्यांच्या बाजूनं पोट आलं. बायकोनं हट्टानं खिडकी ठेवायला लावली, ती तिरपी बसली. पाऊस लागायच्या आत काम झालं आणि वडील गावी गेले.

त्यानंतर गावाकडून जो येई तो आधी भिंत बघायला मागायचा. आपल्या पोरानं नोकरी सांभाळून स्वतःच्या हातानं घर बांधलं, असं वडिलांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. पाहुणे भिंतीवर थाप मारत, "मजबूत हाय," म्हणत. मी "हाव" म्हणायचो. माझे कान तापलेले असायचे. बायको मात्र माझ्याकडे बघून हसू फुटायला नको म्हणून चहा ठेवायला आत निघून जायची.