मोजणीकाकांची सारखी वाटणी

मोजणीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आडवं. आमच्या दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत ते पालथे पडले होते आणि त्यांच्या देहविस्तारामुळे अख्ख्या इमारतीची वाहतूक खोळंबली होती. जिन्यात दूधवाला, त्याच्या मागे एक कपाट आणि कपाटाखाली कुठेतरी मी. मला वाटलं, गेले बिचारे. तेवढ्यात देहातून आवाज आला, "तुमचं पायपुसणं आमच्या हद्दीत शिरलंय." त्या घरातला तो माझा पहिला दिवस होता.

काकांनी जन्मभर जमिनी मोजल्या. एका भावाला कणभर जास्त दिलं की सात पिढ्या एकमेकांची डोकी फोडतात, हे त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा ते घरावर घसरले. कलिंगडाची फोडसुद्धा पट्टी लावून कापायचे.

घरात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. तो सुरू होईपर्यंत काकूंची अंघोळ उरकायची. काकू विणकामाचे वर्ग घेतात. स्वेटरांचे सगळे नमुने त्यांनी स्वतः त्याच्यावरच आखलेले. दुसरीकडे कुठेही नाहीत. काकांना मात्र नवी सिस्टीम हवी होती.

"माझ्या नमुन्यांना धक्का लागला," काकू म्हणाल्या, "तर थंडीत उघडे फिराल."

"अगं, हार्ड डिस्कची वाटणी करतो. एका भागात तुझी जुनी सिस्टीम आणि नमुने, दुसऱ्यात माझी नवी. भांडणच नको."

वाटणीला पंच हवा म्हणून मला बोलावलं. काकांनी घाम गाळून डिस्कचे दोन भाग केले, अगदी शेवटच्या कणापर्यंत सारखे. मग नव्या सिस्टीमचा पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. स्क्रीनवर प्रश्न आला: कुठल्या भागात बसवू? निवडाल तो भाग पुसला जाईल.

खाली दोन भाग. ना नाव ना गाव, नुसता आकार. आणि आकार तंतोतंत सारखा.

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"वरचा काकूंचा असेल," मी म्हणालो.

"असेल?" दारातून काकूंनी विचारलं. हातात सुया होत्या.

"तसं साहजिकच आहे," काका म्हणाले.

"साहजिक कोणाला? तुम्हाला की त्या डब्याला?"

काकांनी काही न निवडता मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला आणि जुनी सिस्टीम सुरू केली. नमुने जागच्या जागी होते. काकूंनी एकूण एक उघडून पाहिला. मग काकांनी रिकामा भाग मोडला, काकूंचा वाढवला आणि उरलेल्या जागेत आपला नवा भाग पाडला.

"किती वाढवलात?" काकूंनी विचारलं.

"चांगला ढळढळीत," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "आंधळ्यालाही कळेल कुठला कोणाचा."

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला जास्त मिळतंय."

"ओळखू यावं म्हणून फक्त."

"कळलं हो," असं म्हणून काकू चहा टाकायला गेल्या. त्या दिवशी कप कोणी मोजून भरले नाहीत.

नवी सिस्टीम लहान भागात व्यवस्थित बसली. तिच्यात प्रिंटर चालत नाही, त्यामुळे काकाही काकूंच्याच भागात काम करतात.