साच्याच्या पट्ट्याचं म्यान

आमच्या लालबागच्या खोलीत एक म्यान टांगलेलं आहे. त्यात तलवार कधी गेलीच नाही.

संप लांबत गेला तसे आमचे हे गप्प गप्प झाले. मिलमध्ये विणकर. मागाला साचा म्हणत, तेही घरातलंच कुणी असल्यासारखं. दर खंडेनवमीला साच्याला झेंडूचा हार घालून येत आणि मला सांगत, "हार घट बांधूचो लागता गो. साचो सुरू झालो की थरथरता, हार सुटता." त्या वर्षी गेटच बंद. उपासमारीपेक्षा मला त्यांच्या त्या गप्प बसण्याची धास्ती वाटायची.

चाळीच्या नाटकासाठी पोरांनी कुठूनशी जुनी तलवार आणली. म्यान नव्हतं. ते करायचं काम यांनी मागून घेतलं. साच्याचा झिजला म्हणून काढलेला चामडी पट्टा ट्रंकेत जपून ठेवला होता, तो बादलीत भिजवला, तलवारीवर ताणून शिवला. तोंडाला आणि टोकाला पितळ हवं, म्हणून माझ्या माहेरच्या डब्याचं झाकण कापलं. कापताना ते मीच धरून बसले. दुपारभर ठकठक चाले. माझा डोळा लागे आणि वाटे, खोलीच हळूहळू मिलकडे निघाली आहे, भिंतींना तेलाचा वास येतो आहे, छतातून पांढरं सूत उतरतं आहे. जागं होऊ नये असं वाटायचं.

मग यांनी तलवार काढून घेतली आणि ओलं म्यान गॅलरीत दोरीवर टाकलं. जन्म कापडात गेलेला, ओलं ते वाळत घालायचं एवढंच ठाऊक. खंडेनवमीला सकाळी बघतो तर चामडं आकसलेलं, तलवार दोन बोटंसुद्धा आत जाईना.

"काका, उसवा ना, मध्ये तुकडा लावू," पोरं म्हणाली.

"साच्याचो पट्टो हा. सुरी लावूचंय नाय." असं म्हणून हे जे हसायला लागले! कितीतरी महिन्यांनी. माझा जीव भांड्यात पडला.

पोरांनी पुठ्ठ्याच्या म्यानावर भागवलं. यांनी आपलं म्यान पाटावर ठेवून त्याला हार बांधला. तेव्हापासून दरवर्षी बांधतात.

मिलच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. संध्याकाळी त्याचा उजेड आमच्या भिंतीवर पाण्यासारखा हलतो. यंदा यांचे हात फार कापत होते, म्हणून हार मी घेतला. मी गाठ मारत होते, तर हे डोळे मिटूनच म्हणाले,

"घट बांध गो. साचो सुरू झालो की सुटतलो."