पाळीची दोन घड्याळं

आबांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डाव्या हातात काट्यांचं, चामडी पट्ट्याचं. उजव्या हातात आकड्यांचं, काळ्या प्लास्टिकचं. दोन्ही स्वस्तातली. पहिलं माझ्या वडिलांनी इंदापूरच्या बाजारातून आणलेलं, दुसरं नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, बारामतीतून. आबा या दोघांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सांगवीच्या रानात विहिरीपाशी एक खोली होती, तिथं राहायचे.

वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीचे दोन तुकडे झाले, विहिरीचे कसे करणार? पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि पाळीच्या वेळेवरून वडील आणि नाना एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाचं घड्याळ दुसऱ्याला मान्य नव्हतं. शेवटी दोघांनीही आपापलं घड्याळ आबांच्या हातात बांधलं. मोटार चालू-बंद होईल ती आबांच्या हाकेवर, एवढं मात्र दोघांना पटलं.

बांधावरून जाणारे थट्टा करत. "आबा, दोन सवती कशा काय नांदत्यात?"

"भांडत्यात की. पर माझ्या हातात हायत तवर घर सोडून जात न्हाईत."

त्यांना दोघींचे स्वभाव पाठ होते. आकड्यांचं भर उन्हात दिसायचं नाही, त्यावर टोपीची सावली धरावी लागे. पण चिखलापाण्याची त्याला पर्वा नव्हती. काट्यांच्या घड्याळाचा पट्टा ओला होऊन कुजायचा. तरी आबांचा जीव थोडा त्याच्यावरच होता. "आकड्याचं फटकळ हाय, इचारलं तेवढंच सांगतं. काट्याचं बघितलं की किती गेलं आन् किती ऱ्हायलं, समदं डोळ्याम्होरं येतं." असं म्हणून लगेच उजवं मनगट सदऱ्याला पुसायचे. त्याला वाईट वाटू नये म्हणून असेल.

काट्यांचं घड्याळ जरा मागं असायचं. एकदा सुट्टीत घरी आलो असताना मी म्हणालो, "आबा, द्या, दोन्ही मिळवून देतो."

त्यांनी हात मागं घेतला. "नगं. मिळवलंस तर एकजण खोटा ठरंल."

हाक ते दोन्ही घड्याळांच्या मधल्या वेळेला द्यायचे. एका पाळीत ज्याचं थोडं पाणी जायचं, त्याला पुढच्या पाळीत मिळायचं. दोघांनाही हे कळत असणार. कुणी कधी बोललं नाही.

त्या हाकेला नेहमी एक शेपूट असायचं. "मोटार बंद कर रं. आन् नानाच्या गुडघ्याला लई कळ हाय, रातभर झोप न्हाई." मग पलीकडं तोंड करून, माझ्या आईबद्दल, "नाना, घे पाणी. वैनीला ताप हाय, कालपास्नं जेवली न्हाई." वडील नुसतं बटण दाबायचे. पण दुसऱ्या दिवशी गुडघा शेकायला निरगुडीचा पाला खोलीच्या दाराशी ठेवलेला असायचा. आबा तो नानांकडं पोचवायचे.

गेल्या वर्षी आबांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावताना घड्याळं काढून माझ्या हातात दिली. मोकळ्या मनगटांकडं बघत त्यांनी विचारलं, "आता कुणाची पाळी हाय?"

मी म्हणालो, "नानांची."

"हाक कोण देनार?"

मी दोन्ही घड्याळं रुमालात गुंडाळली. दोन दिवसांनी ते गेले.

दहाव्यानंतर वडील आणि नाना विहिरीवर आले. आबांच्या जागी कुणाला बसवायचं, यावर कुठल्याच नावाला दोघांचा एकदम होकार आला नाही. उन्हाळ्याआधी दोघांनीही आपापल्या रानात बोअर घेतली. दोन्हींना पाणी लागलं. आता भांडण नाही. वीज आली की दोन्ही मोटारी एकदमच सुरू होतात.

नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते वडिलांना महिन्याभरानं खताच्या दुकानात कुणाकडून तरी कळलं. घरी येऊन ते ओट्यावर बसले. मग मला म्हणाले, "कुनी सांगितलंच न्हाय रं."