बस्त्याच्या मजल्यावरचे झरोके

आमच्या दुकानात एसी कोणता बसवायचा हे ठरवायला जवळजवळ तीन महिने लागले. तो बसवणाऱ्या माणसाचं नाव खराब करायला मला दोन मिनिटं पुरली. ही गोष्ट मी आतापर्यंत घरात सांगितली आहे आणि दुकानात सांगितली आहे. लिहून मात्र कधी ठेवली नव्हती.

तुमसरच्या बाजारात आमचं दोन मजली कापडाचं दुकान आहे. आमचं म्हणजे सेठजींचं. मी तिथे पस्तीस वर्षांपासून मॅनेजर आहे. खालच्या मजल्यावर रोजचं कापड आणि वरच्या मजल्यावर बस्ता. लग्न जुळलं की दोन्हीकडची माणसं एकत्र येतात आणि नवरीच्या शालूपासून मामा-मावशीच्या आहेरापर्यंत सगळं कापड एकाच दुकानातून घेतात, तो बस्ता. वीस-पंचवीस माणसं पांढऱ्या गादीवर चार-चार तास बसतात. साड्यांचे ढीग लागतात, रुसवेफुगवे होतात, आजीबाई भिंतीला टेकून झोपतात. आमचं दुकान या मजल्यावरच चालतं.

गोंदिया आमच्या भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. तिकडे मोठी दुकानं निघाली होती, काचेची आणि थंडगार. तिकडची गिऱ्हाइकं आमच्याकडे येत होती, पण जरा कमी. एका हिवाळ्यात सेठजी म्हणाले की यंदा कूलर पुरे, एसी लावू.

दोन माणसांना विचारलं. एक नागपूरच्या मोठ्या विक्रेत्याचा इंजिनिअर. तो आला, हातातल्या यंत्राने भिंतींची लांबी मोजली आणि अर्ध्या तासात सांगून मोकळा झाला: गच्चीवर एकच मोठी मशीन, तिथून छताखाली पत्र्याचे डक्ट, डक्टमधून हवा. यंत्र कुठे दिसणार नाही. दुकान मॉलसारखं वाटेल. मला ते फार आवडलं. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो, प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणत.

दुसरा आमच्याच गावचा मेकॅनिक. त्याचे वडील राईस मिलमध्ये पोती उचलायचे. तो भंडाऱ्याला आयटीआय शिकून आला होता आणि गावातले फ्रिज, कूलर, डॉक्टरांच्या घरचे एसी दुरुस्त करायचा. वयाने माझ्याएवढाच, तरी त्याला मी 'तू' म्हणायचो. त्याचं घर बौद्ध मोहल्ल्यात होतं. इंजिनिअरला सर आणि याला तू, यात वयाचा किंवा शिक्षणाचा संबंध किती आणि दुसऱ्या गोष्टीचा किती, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारतो, आणि उत्तर आवडत नाही.

मेकॅनिकने काही मोजलं नाही. तो दुपारी बारा वाजता आला आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिला. अधूनमधून उठून पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहायचा. शालूंवर सोडलेले मोठे दिवे त्याने मोजले आणि म्हणाला की हे दिवे नाहीत, शेगड्या आहेत, आधी हे काढा. मग त्याने मला विचारलं की एका बस्त्याले किती माणसं बसतात. इंजिनिअरने हे विचारलं नव्हतं.

त्याचं म्हणणं होतं की एक मोठी मशीन नको, आठ वेगवेगळ्या लावा. त्या काळी उन्हाळ्यात लोडशेडिंग असायचं. मोठ्या मशीनला आमचा जनरेटर पुरला नसता. आठातल्या तीन मात्र जनरेटरवर सहज चालल्या असत्या. "अन् मोठी बंद पडली त नागपूरवरून माणूस येईपर्यंत दुकान बंद," तो म्हणाला. "आठातली एक बंद पडली त गिऱ्हाईकाले समजतही नाही."

मी डक्टच्या बाजूने बोललो, सेठजी आठ मशीनच्या बाजूने. अर्थात आठ मशीन लागल्या. मी मान डोलावली, पण मनात एक कुसळ राहिलं.

माघात काम झालं. फाल्गुनात मशीन सुरू करून पाहिल्या तर वरचा मजला असा गार झाला की मोजमाप करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या सेल्समनने गळ्याला मफलर गुंडाळला. सेठजींनी मेकॅनिकला पेढा दिला. मीही दिला.

चैत्र लागला, लग्नसराई सुरू झाली, आणि वरचा मजला गार होईना. आठही मशीन सुरू, तरी दुपारी घाम. गोंदियाकडचा एक मोठा बस्ता आला होता. नवरीच्या आत्याने पदराने वारा घेत अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "एसी आहे म्हणून एवढ्या लांब आलो बापा, अन् इथं त माह्या सैपाकघराइतकं गरम होऊन राहिलं." अर्धी खरेदी टाकून ती मंडळी उठून गेली. त्यांच्यामागून सेठजीही खाली गेले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला, तो ते कधी धरत नसत.

आणि मी कबूल करतो, मला आतून बरं वाटलं. मी म्हटलंच होतं, असं वाटलं.

मेकॅनिकला बोलावलं. तो आला, जाळ्या धुतल्या, गॅस तपासला, सगळं बरोबर. तीन दिवसांनी परत आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने जाळी काढून मला दाखवली. ती काळी झाली होती.

"भाऊ, वरच्या मजल्यावर एवढी राख कुठून येऊन राहिली?"

आमच्याकडे राईस मिलमध्ये धानाचा भुसा जाळतात. त्याची काळी राख हवेत उडते आणि गच्च्यांवर, वाळवणांवर पडते. तुमसरच्या प्रत्येक बाईला ती रोज झाडावी लागते. मी सगळ्या सेल्समनसमोर म्हणालो, "तू तुमसरचाच होय ना? मंग राख कुठून येते हे मले कायले विचारतं?"

सगळे हसले. तोही हसला आणि जाळी धुवायला घेऊन गेला.

त्याच आठवड्यात गावातले एक डॉक्टर चादरी घ्यायला आले. त्यांची नवीन इमारत उभी राहत होती. खाली दवाखाना, वर भाड्याने द्यायच्या खोल्या, आणि सगळ्या इमारतीला एसी लावायचा होता. त्यांनी सहज विचारलं की तुमच्याकडे ज्याने काम केलं तो माणूस कसा आहे. ही ती दोन मिनिटं. मी म्हणालो की माणूस चांगला आहे, पण एवढं मोठं काम त्याला पेलत नाही, तुम्ही नागपूरवाल्यांनाच विचारा. आवाजात काळजीही आणली. डॉक्टर माझे आभार मानून गेले.

चार-पाच दिवसांनी एका गिऱ्हाइकाला पांढऱ्या धोतराचं पान दाखवायला मी वरच्या मजल्यावरच्या मागच्या भिंतीच्या कपाटातून, अगदी वरून, थान ओढलं. त्यावर काळे ठिपके होते. राख. मी वर पाहिलं. कपाटाच्या माथ्याच्या वर, छताखाली, ओळीने सात झरोके आहेत, सहसा कुणाची नजर जात नाही तिथे. सातही सताड उघडे होते.

ते मी उघडले होते.

कूलर असतो तिथे समोरची खिडकी उघडी लागते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती निघून जायला वाट नसली की खोली ओलसर होते आणि कापडाला वास लागतो. हे विदर्भात कुणाला शिकवावं लागत नाही. दरवर्षी होळीनंतर माळ्यावरून कूलर उतरवले की मी स्वतः आकड्याची काठी घेऊन वरच्या मजल्यावरचे सात झरोके उघडायचो. वीस वर्षं उघडले. त्या वर्षी कूलर नव्हते, तरी होळीनंतर काठी माझ्या हातात आली आणि झरोके उघडले गेले. मला ते आठवतही नव्हतं. बाहेरचा चैत्र-वैशाख सात भोकांतून आत येत होता आणि आठ मशीन त्याच्याशी झुंजत होत्या.

मी झरोके बंद केले. तासाभरात मजला गार झाला. सेठजी वर आले, खूश झाले, आणि विचारलं की मेकॅनिक येऊन गेला का. मी म्हणालो, "हो, जरासं काहीतरी केलं त्याने."

तिथेच सांगता आलं असतं. माझी जीभ वळली नाही. एवढा अनुभवी मॅनेजर, आणि खिडकी उघडी ठेवून एसी लावतो म्हणून गावभर हसं झालं असतं. ज्याचं मी हसं केलं होतं, त्याचा विचार नंतर आला.

दुकानाची सुट्टी होती त्या दिवशी मेकॅनिक आपणहून माझ्या घरी आला. मजला गार आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याला ते खटकलं होतं. मी किल्ली घेऊन दुकान उघडून दिलं. तो शिडीवर चढून एकेक मशीन खोलू लागला. मी म्हटलं, आता चालते आहे ना, सोड.

"मी तर काहीच केलं नाही, भाऊ," तो म्हणाला. "आपोआप सुधरते ते आपोआप बिघडते. काहून बिघडली होती हे सापडल्याशिवाय मले झोप नाही येत."

सकाळपासून दुपारपर्यंत त्याने पाच मशीन खोलल्या. घरून आणलेला डबाही उघडला नाही. स्वतःच्या हातून काय चुकलं ते तो शोधत होता, आणि त्याचं उत्तर मी खिशात घालून त्याच्या खाली उभा होतो. सहाव्या मशीनचं झाकण निघालं तेव्हा मला राहवलं नाही.

"झरोके उघडे होते," मी म्हणालो. "मीच उघडले होते. होळीपासून."

तो तसाच शिडीवर थांबला. मग मागच्या भिंतीकडे पाहिलं. "सातही?"

"सातही."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तो हळूच खाली उतरला आणि पेचकस पुसत म्हणाला, "बाहेर पंचेचाळीस, झरोके उघडे, अन् तरी माह्या मशीननं मजला बत्तीसवर धरून ठेवला होता?" त्याच्या तोंडावर अभिमान होता. मला वाटलं होतं तो चिडेल. तो म्हणाला की चूक त्याचीही आहे. घरी त्याने एक जुना एसी दुरुस्त करून बसवला होता, तरी त्याची आई अजून सवयीने खिडकी उघडते. जन्मभर कूलर वापरलेल्या लोकांना खिडक्या बंद ठेवा असं सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

मग मला डॉक्टरांचं सांगावं लागलं. ते मात्र त्याला लागलं. तो गादीच्या कडेला बसला. ते काम मिळेल असं त्याला जवळजवळ पक्कं वाटत होतं. त्या भरवशावर त्याने स्टेशनच्या रस्त्याला स्वतःच्या वर्कशॉपसाठी एक गाळा पाहून ठेवला होता. तोपर्यंत तो सायकलला पिशवी लावून घरोघर फिरत होता.

त्याने पेचकस पिशवीत ठेवला. मग विचारलं, "डॉक्टरले सांगता काय हे, जसं मले सांगतलं तसं?"

"आता जाऊ," मी म्हणालो.

दवाखान्यात पेशंट बसले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. आकड्याच्या काठीपासून माझ्या सल्ल्यापर्यंत, काहीच वगळलं नाही. एक म्हातारा पेशंट मध्येच म्हणाला की कूलरले त खिडकी लागतेच ना जी, आणि मी म्हटलं, हो बाबा, कूलरले लागते. डॉक्टर हसले नाहीत. खालच्या मजल्याचं काम त्यांनी आदल्याच दिवशी नागपूरवाल्यांना देऊन टाकलं होतं आणि शब्द फिरवणार नव्हते. वरचा मजला बाकी होता. मेकॅनिककडे पाहून ते म्हणाले की वरचं तुम्ही करा. मग मला म्हणाले, "चादरीचा रंग पक्का आहे का हे तुम्ही मला धुऊन दाखवलं होतं. माणसाबद्दल बोलताना एवढं तपासलं नाही."

सेठजींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना सगळ्या चौदा माणसांसमोर हेच सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यांनी मला कामावर ठेवलं, आणि ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. उठून गेलेला तो बस्ता काही परत आला नाही.

त्या दिवसापासून मी मेकॅनिकला 'तुम्ही' म्हणू लागलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "आता हे तुम्ही-तुम्ही काहून? मी काय पाहुणा आहो?" पण त्याने नको म्हटलं नाही.

पाहून ठेवलेला गाळा त्याला परवडला नाही. अर्ध्या कामात त्याच्या अर्ध्या मापाचा, मागच्या गल्लीतला गाळा मिळाला. दिवाळीनंतर त्याने तो उघडला. मलाही बोलावलं. छोटीशी बुद्धवंदना झाली, मग खीर. जागा इतकी कमी की सगळे एकमेकांना खेटून बसलो होतो. त्याने मला त्याच्या आईशेजारी बसवलं आणि तिला सांगितलं, "हे कापड दुकानाचे मॅनेजर भाऊ. यायच्यामुळं डॉक्टरचा वरचा मजला भेटला आपल्याले."

खालचा मजला कुणामुळे गेला ते मी सांगणार होतो. माझं तोंड उघडलंही होतं. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, थोडीशीच, आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळला.

त्या माऊलीला खरं माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. तिने माझी रिकामी वाटी घेतली, काठोकाठ भरून पुन्हा हातात दिली, आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली.