बाबलभाऊंची लाखेची माळ

बाबलभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, त्याला आता दीड महिना झाला. "काकी, बाबा गेले," एवढंच ती बोलली. रडू आलंच. पण खरं सांगते, त्यांची आठवण आली की आधी हसू येतं आणि मग मान ताठ होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझा नवरा कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर, आणि मी घरात बसून कंटाळलेली. बाबलभाऊ सावंतवाडीकडचे, सुलैबियातल्या फर्निचरच्या कारखान्यात सुतार. बायको-मुलं गावी, म्हणजे कुवेतच्या हिशेबात 'बॅचलर'. आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट दुरुस्त करायला ते आले, तेव्हा मी तिथल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातल्या हस्तकला स्पर्धेसाठी प्लास्टिकचे मणी ओवत होते. त्यांनी माळ उचलून पाहिली आणि परत ठेवली. "वहिनीनू, ही तुम्ही घालतल्यात, की म्हशीक बांधतल्यात?"

मला राग आला. पण पुढच्या शुक्रवारी ते रुमालात मणी बांधून घेऊन आले, आणि राग पळाला. सागवान-शिसवीचे फेकलेले तुकडे त्यांनी लेथवर कातले होते. मणी गरगर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडात बसतो. गेरूचा तांबडा, कॉफीचा तपकिरी, ओल्या वाळूचा करडा. त्यावर चकाकी आणायला गावी केवड्याचं पान घासतात. वाळवंटात कुठला केवडा! त्यांनी रस्त्याकडेच्या खजुरीचं पान घासून पाहिलं, आणि चकाकी आली. मग माझ्या समोर बसून त्यांनी माळ ओवली, दर दोन मण्यांमध्ये गाठ मारत. इतक्या वर्षांत तिचा एक मणी सुटलेला नाही.

ही माळ स्पर्धेत ठेवायचीच, असं मी ठरवलं. पण स्पर्धा महिलांची, आणि मेळावा 'फक्त फॅमिलींसाठी'. स्टेज ठोकायला बॅचलर लागत, कार्यक्रमाला मात्र त्यांना दारातूनच परत पाठवत. मी स्पर्धेची प्रमुख, म्हणून पळवाट काढली. म्हटलं, "माझ्या नावाने ठेवते."

त्यांचा चेहरा उतरला. "नको वहिनीनू. माळ घरात ऱ्हवली तरी चलात. पण ठेवलास तर नाव माझा होया."

मला माझीच लाज वाटली... माझी माळ मी मागे घेतली आणि कार्डावर त्यांचं नाव लिहिलं. मंडळाचे अध्यक्ष भडकले. "वहिनी, नियम म्हणजे नियम!"

"मग नियम बदला," मी म्हटलं.

परीक्षक म्हणून शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या होत्या. त्यांनी माळ हातात घेतली, एकेक गाठ चाचपली. "कोणी केलीय? बोलवा त्यांना."

"ते बाहेर उभे आहेत. आत सोडत नाहीत," मी सांगून टाकलं.

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. बाईंनी माळ स्वतःच्या गळ्यात घातली, दाराशी गेल्या आणि इस्त्रीच्या शर्टातल्या बाबलभाऊंना हाताला धरून आत घेऊन आल्या. टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस त्यांनाच, आणि स्पर्धा महिलांची असल्यामुळे बक्षीस साडी! त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खो-खो हसले. "घराकडे कळवतंय, बायकांत पयलो इलंय!"

अध्यक्षांना वाटलं, एकदा झालं, संपलं. पुढच्या वर्षी दारावर तीच 'फक्त फॅमिलींसाठी'ची पाटी लागली. बाबलभाऊ आले ते कामगारांच्या कॅम्पातले अकरा जण घेऊन, सगळे भांग पाडलेले, अत्तर लावलेले.

दारावरच्या कार्यकर्त्याने हात आडवा केला. "फॅमिली?"

बाबलभाऊंनी मागे वळून सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही काय! सगळी घेवन इलंय."

हात खाली आला. बाराही जण आत शिरले, आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले.