न उमटणारा अंगठा

डहाणूच्या आधार केंद्रात तो माझ्या पुढे होता. धाकटी डहाणू गावचा, चाळिशीचा असावा. आखातातल्या मासेमारी बोटीवर त्याला काम मिळालं होतं, पण आधार दुरुस्त झाल्याशिवाय पासपोर्ट होणार नव्हता. आणि अंगठा यंत्रावर उमटतच नव्हता. जाळ्याचे दोर ओढून कातडी पार गुळगुळीत झाली होती. तो अंगठा केसांवर घासायचा, शर्टाला पुसायचा आणि देवाला गंध लावावं तसा हळूच टेकवायचा.

"काका, नाही येत. एक वाजता बंद करते मी," मशीनवरची ताई म्हणाली.

"याच हातांसाठी बोलावलंय गं त्यांनी," तो हसला, पण ओठ कोरडे पडले होते.

ताईने त्याला बाजूला थांबवून मला बोलावलं. माझा अंगठा पहिल्याच वेळी उमटला. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

"तुला कुठे काम लागलं?" त्याने विचारलं.

"अजून शोधतोय, काका. आधी पासपोर्ट तर होऊ दे."

"मिळेल रे. माझा नंबर सांभाळ, टपरीवर गरम पाण्यात हात भिजवून येतो."

त्याचे कागद मांडीवर घेऊन मी बसलो. परदेशात मला कोण नोकरी देईल, हा घोर महिनाभर लागला होता. पण एक वाजायला पाच मिनिटं उरली, तेव्हा मी फक्त दाराकडे बघत होतो.