गोठ्यातली दुधाची बादली

पोलिसातल्या सगळ्या नोकरीत खुनी पुष्कळ पाहिले, पण पालीच्या बाजूचा तो एक अजून डोक्यातून जात नाही. एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायकांचे खून करून तो मोकळा फिरत होता. मुंबईतली मुलं आयांना घरं बंद करून बोलावून घेत होती. अशात आतल्या एका वाडीत तिसरा खून झाला. पहाटे म्हातारीचा अंथरुणातच गळा दाबलेला, हातातल्या पाटल्या गायब.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. वाडीवाडीत फिरून गुरांना औषधपाणी करणारा एक माणूस स्वतः ठाण्यात आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "सायब, शेजारच्या बागेच्या राखणदाराचं म्हातारीशी भांडण झालेलं. तिची गाय बागेत शिरली व्हती."

राखणदार परप्रांतातला, गरीब. भांडण त्याने कबूल केलं. मला तेवढं पुरलं. सगळ्या वाडीदेखत त्याला जीपमध्ये घातला, कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. दोन दिवस उलटसुलट विचारलं, आवाज चढवला. तो एकच सांगत राहिला, "मी नाही मारलं." त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलत नव्हती आणि मला तिचाच राग येत होता.

तिसऱ्या दिवशी शेजारणीचा जबाब घेत होतो. समोर माझाच पंचनामा उघडा होता. त्यातलं वाचता वाचता म्हणालो, "गोठ्यात झाकलेली बादली, आत दूध."

ती थांबली. "गोठ्यात? नाय सायब. म्हातारी धार काढली की लगेच गाळून चुलीवर ठेवायची."

"मग दुसऱ्या कोणी काढली असेल."

"कोण काढतंय? मी गेली तरी ती गाय लाथ मारते. म्हातारीबिगर त्या औषधवाल्याच्याच हाताला उभी ऱ्हाते."

पंचनामा माझ्या हातचा. लिहिला होता, वाचला नव्हता. औषधवाल्याच्या घराची झडती घेतली. भाताच्या कणगीत तिन्ही बायकांचे दागिने सापडले. हा माणूस माझ्यासमोर बसून चहा पिऊन गेला होता, याची मला मनापासून चीड आली.

"खून करून धार काढत बसलास?" मी विचारलं.

"कास तटतटली व्हती सायब. मुक्या जनावराचे हाल बगवत नायत."

म्हातारीबद्दल एक शब्द नाही. खुन्याला दया नसते असं लोक समजतात. याला होती, गोठ्यापुरती. त्या दयेमुळेच तो घरोघरी विश्वासाचा झाला होता.

राखणदाराला सोडलं, पण तो उठेना. म्हणाला, "साहेब, नेताना सगळ्या गावाने पाहिलं. सोडलेलं कोण बघणार?"

मी नवरा-बायकोला जीपमध्ये बसवून वाडीत नेलं. देवळापुढे माणसं जमवली आणि सांगितलं, हा निर्दोष आहे, चूक माझी आहे. वर्दीत हे बोलणं फार जड गेलं. पण पुढे नियमच केला: चारचौघांत उचललेला माणूस निर्दोष निघाला, तर त्याला चारचौघांतच परत पोचवायचा, आणि तेही मी स्वतः. निवृत्तीपर्यंत तशी आणखी दोनदा वेळ आली. दोन्ही वेळा गेलो.